सराव पाठाच्या निरीक्षण तक्त्यातला रिकामा रकाना : शारीरिक शिक्षण अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सदस्य,
शारीरिक शिक्षण अभ्यास मंडळ,
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठे

सप्रेम नमस्कार.

बी.पी.एड. या शारीरिक शिक्षकांच्या पदवीत छात्राध्यापक शाळेतल्या मुलांवर जे सराव पाठ घेतात, त्यांचा निरीक्षण तक्ता एकदा समोर घ्या. पोशाख, आवाज, आज्ञेतली स्पष्टता, रांगांची मांडणी, प्रात्यक्षिक, चुकांची दुरुस्ती, साहित्याचा वापर, वर्गनियंत्रण, वेळेचं भान. महाविद्यालयागणिक शब्द थोडे बदलतील, पण यादी साधारण हीच. यातला प्रत्येक रकाना छात्राध्यापकाकडे पाहतो. मैदानावरच्या तीस-चाळीस मुलांनी त्या पस्तीस मिनिटांत स्वतः काय ठरवलं, काय शोधून काढलं, हे लिहायला तिथे जागाच नाही. आमचं म्हणणं या न छापलेल्या रकान्याबद्दल आहे.

अभ्यासक्रमात सर्जनशीलता नाही असं कोणी म्हणणार नाही. उद्दिष्टांच्या पानावर ती असतेच. अध्यापन पद्धतीच्या पेपरात मॉस्टनचा अध्यापन शैलींचा वर्णपट येतो, खेळ समजून घेत शिकवण्याचं प्रतिमान येतं, आणि दोन्हींवर ‘टीप लिहा’ असा प्रश्न पडतो. विद्यार्थी अकरा शैलींची नावं घडाघडा लिहितो आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर जाऊन ‘सावधान, विश्राम’पासून सुरुवात करतो. त्याला दोष देता येणार नाही. गुण कुठे मिळतात हे त्याला आपणच शिकवलं आहे.

मस्का मॉस्टन यांनी १९६६ साली मांडलेली आणि पुढे सारा अॅशवर्थ यांच्यासोबत वाढवलेली ही मांडणी एका साध्या प्रश्नावर उभी आहे : पाठातला कोणता निर्णय कोण घेतं? पाठाआधीचे निर्णय, पाठ चालू असतानाचे आणि पाठ झाल्यावर मूल्यमापनाचे, असे तीन गट. आज्ञा शैलीत तिन्ही शिक्षकाकडे. सराव शैलीत जागा, वेग, सुरुवात, विश्रांती असे काही निर्णय मुलाकडे जातात. परस्पर शैलीत जोडीदार निकषपत्रिका हातात घेऊन चुका सांगतो. स्व-तपासणीत मूल स्वतः तपासतं आणि समावेशक शैलीत काठिण्याची पातळी स्वतः निवडतं. पण या पाचही शैलींत उत्तर आधीच ठरलेलं असतं. मुलानं ते नीट उतरवायचं असतं. सहाव्या शैलीपासून, म्हणजे मार्गदर्शित शोधापासून, मुलाला माहीत नसलेलं त्याला स्वतः काढावं लागतं. या दोहोंमधल्या रेषेला मॉस्टन शोधाचा उंबरठा म्हणतात. पुढे अभिसारी शोध, म्हणजे एकाच बरोबर उत्तराकडे जाणारा, मग अपसारी निर्मिती, म्हणजे एकाच प्रश्नाची अनेक उत्तरं काढणं, आणि त्यापलीकडे विद्यार्थ्यानं स्वतः आखलेला कार्यक्रम. आपले बहुतेक सगळे सराव पाठ उंबरठ्याच्या अलीकडे घेतले जातात, आणि त्यातही पहिल्या दोन शैलींत.

उंबरठा ओलांडण्याआधीसुद्धा स्वस्तात बरंच करता येतं. समावेशक शैलीचं जगभर दिलं जाणारं उदाहरण तिरक्या दोरीचं आहे. उंच उडीसाठी दोरी आडवी बांधली की उंची वाढेल तशी मुलं बाद होत जातात, आणि ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज तोच सर्वांत आधी बसतो. तीच दोरी एका बाजूला ४० सेंमी आणि दुसऱ्या बाजूला १२० सेंमी अशी तिरकी बांधा. सगळेच उडी मारत राहतात आणि कुठून मारायची ते प्रत्येक जण ठरवतो. दोरी रुंद हवी, निदान पाच-सहा मीटर, नाहीतर सगळे मधोमध गर्दी करतात. खांबाला गाठ पक्की मारू नका. पाय अडकला तर दोरी सुटून आली पाहिजे. या पाठाला आजच्या तक्त्यात जास्तीचा एकही गुण नाही. उलट रांग मोडली म्हणून एखादा कमीच होईल.

आता खेळांकडे येऊ. १९८२ साली इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठातल्या डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी खेळ-आकलनाच्या, म्हणजे खेळ समजून घेत शिकवण्याच्या, प्रतिमानात क्रम उलटा केला : आधी कौशल्य आणि मग खेळ असं न करता आधी छोटा केलेला खेळ, त्यातून डावपेचाची जाण, मग निर्णय, आणि गरज जाणवल्यावर कौशल्य. त्यांच्या परंपरेत खेळांचे चार गट करतात : लक्ष्यवेधी, फलंदाजी-क्षेत्ररक्षणाचे, जाळ्याचे आणि प्रदेश जिंकण्याचे. अडचण अशी की आपले खो-खो, कबड्डी, आट्यापाट्या या चारांत नीट बसत नाहीत. हे शिवाशिवीचे खेळ आहेत. पळणं, हुलकावणी आणि शरीरांमधलं अंतर हाच त्यांचा गाभा. त्यामुळे परदेशी पाठ टाचणांची भाषांतरं करून भागणार नाही. आपल्या खेळांचे डावपेच आपल्यालाच सुटे करून मांडावे लागतील. हे काम अभ्यास मंडळाचं आहे. दर वर्षी नव्यानं येणाऱ्या छात्राध्यापकावर ते टाकता येणार नाही.

खो-खोचा एक पाठ कसा दिसेल ते सविस्तर लिहितो, कारण अडतं ते तपशिलातच.

वर्ग छत्तीसचा. बारा-बाराचे तीन गट. प्रत्येक गटात पाच बसलेले, एक पाठलाग करणारा, तीन धावणारे आणि तीन निरीक्षक. मैदान पाच चौकोनांचं, पण दोन चौकोनांमधलं अंतर मूळ मैदानाइतकंच ठेवायचं. ते कमी केलं तर चक्क दुसराच खेळ होतो. खांबाच्या जागी शंकू चालतील. तात्पुरते बांबू रोवू नका, हातानं धरून वळताना उपटून येतात. डाव नव्वद सेकंदांचा. पहिला डाव कोणतीही सूचना न देता खेळू द्यायचा. मग थांबवून तीन-तीनच्या टोळक्यांना प्रश्न : पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा घेतली की माघारी फिरता येत नाही, मग तो कुठे असताना तुम्ही सर्वांत निर्धास्त? बोलायला चाळीस सेकंद. दुसरा डाव. दुसरा प्रश्न : तो आता खो देणार हे तुम्हाला कशावरून कळतं? उत्तरं येतात. वेग मंदावतो, खांदा वळतो, नजर बसलेल्याच्या पाठीकडे जाते. तिसरा डाव. आता काही मुलं बसलेल्यांच्या मधून आतबाहेर करत पळायला लागलेली असतात. ‘याला साखळी म्हणतात’ हे तेव्हा सांगायचं. नाव नंतर, शोध आधी. त्यानंतर आठ मिनिटं हुलकावणीचा आणि झटकन वळण्याचा सराव, आणि शेवटी पुन्हा खेळ.

हा पाठ बिघडतो तो ठरावीक ठिकाणी. छात्राध्यापक प्रश्न विचारतो, दोन सेकंद शांतता होते, तो घाबरतो आणि उत्तर स्वतःच देऊन टाकतो. पाच आकडे मनात मोजायची सवय सूक्ष्म पाठातच, म्हणजे सराव पाठाआधीच्या छोट्या तालमीतच, लावली पाहिजे. दुसरं म्हणजे, धापा टाकत रांगेत उभ्या असलेल्या वर्गाला प्रश्न विचारला की ठरलेली दोन मुलंच बोलतात, म्हणून टोळकी. तिसरं, शाळेच्या संघातल्या मुलांना सगळी उत्तरं पाठ असतात. त्यांना पहिल्या डावाला निरीक्षक करा, हातात कागद द्या आणि कोण कोणत्या बाजूनं बाद झाला त्याच्या खुणा करायला सांगा. चौथी चूक सर्वांत सामान्य : सराव मधे घालायचा राहून जातो, पस्तीस मिनिटं नुसता खेळ होतो, आणि पर्यवेक्षक लिहितो ‘अध्यापन झाले नाही’. हा शेरा मात्र बरोबरच असतो.

निर्णयाचं मोजमाप करता येत नाही हा आक्षेप आम्ही पुष्कळदा ऐकतो. येतं. कबड्डी घ्या. एका खेळाडूच्या दहा चढाया पाहायच्या, प्रत्येकीत त्याचा निर्णय योग्य की अयोग्य एवढीच खूण करायची, आणि योग्य निर्णयांना एकूण चढायांनी भागायचं. गुण मिळाला की नाही हा मुद्दा वेगळा. अट एकच : योग्य म्हणजे काय ते आधी ठरलेलं हवं. समोर सहापेक्षा कमी बचावपटू असताना बोनस रेषेकडे झेपावणं अयोग्य, कारण तेव्हा बोनस लागूच नसतो. सलग दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसऱ्या चढाईत, म्हणजे गुण नाही तर बाद अशा वेळी, चढाईपटूला ओलांडावीच लागणारी ‘निदान रेषा’ नुसती ओलांडून परत येणं अयोग्य. बचावपटूचे निर्णयही असेच तपासता येतात : आपले तीनच गडी उरलेत आणि चढाईपटू कोपऱ्यात आत आला आहे, तर पकडीचा प्रयत्न योग्य, कारण ती पकड दोन गुणांची. असे आठ-दहा निकष लिहून काढले की बी.पी.एड.च्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही खुणा करू शकतो. दोघांनी एकच सामना वेगवेगळा तपासावा आणि खुणा जुळवाव्यात. जिथे फरक पडतो, तो निकष संदिग्ध आहे असं समजून नव्यानं लिहावा.

इथवर उत्तरं मर्यादित आहेत. अपसारी निर्मितीत ती मोकळी होतात, आणि तिथेच पाठ सर्वांत वाईट पडतात. ‘काहीतरी नवीन करून दाखवा’ असं म्हटलं की वर्ग एकतर हसतो, नाहीतर सिनेमातल्या नाचाची एखादी स्टेप करतो. मोकळीक देण्यासाठी बंधनं घालावी लागतात. उदाहरणार्थ : दोघांनी मिळून जमिनीला फक्त तीन अवयव टेकवायचे, तोल पाच सेकंद टिकवायचा, आणि दहा मिनिटांत सहा वेगवेगळी संतुलनं शोधायची. मानेवर आणि कमरेच्या मणक्यावर कोणी भार द्यायचा नाही. खांदे, मांड्या आणि कटीचं हाड चालेल. खाली गादी किंवा भुसभुशीत हौद. सहा हा आकडा उगीच नाही. पहिली दोन-तीन संतुलनं स्नेहसंमेलनातल्या मनोऱ्यातून उचललेली असतात. ओळखीची उत्तरं संपल्यावरच अनोखी सुचायला लागतात. तीन मिनिटांत आटोपतं घेतलं तर वर्गात चाळीस वेळा तेच दिसतं.

दोन गोष्टी तर हमखास घात करतात. एक, आधी प्रात्यक्षिक. शिक्षकानं एक संतुलन करून दाखवलं की वर्ग त्याच्याच आवृत्त्या काढतो. आपल्या तक्त्यात मात्र ‘प्रात्यक्षिक’ हा गुण असलेला रकाना आहे, म्हणजे तक्ताच हा पाठ मारतो. दुसरी, घाईनं केलेलं कौतुक. ‘वा, मस्त!’ म्हटलं की आजूबाजूच्या पाच जोड्या तेच करायला लागतात. मॉस्टन यांनी प्रतिसादाचे चार प्रकार सांगितले : मूल्य सांगणारा, चूक सुधारणारा, तटस्थ आणि संदिग्ध. इथे तटस्थ हवा. ‘दोन हात आणि एक पाय. आता हाताविना तीन अवयव शोधा.’ बस्स. हे बोलायला फार कठीण आहे, कारण आपल्या तोंडी ‘शाब्बास’ बसलेलं असतं.

मोजायचं कसं? मानसशास्त्रातले जुने मापक इथे चालतात. निकषात बसणारी एकूण संतुलनं किती, हा ओघ. त्यांचे प्रकार किती, म्हणजे समोरासमोर, पाठीला पाठ, उभं, बसून, उलटं, ही लवचीकता. वीस जोड्यांपैकी एकाच जोडीला सुचलेली किती, हा अनोखेपणा. प्रत्येक जोडीची फोटोंतून नोंद ठेवली तर पाठ संपल्यावर अर्ध्या तासात हिशेब होतो. हे गुण मुलाच्या प्रगतिपुस्तकात लिहू नका. छात्राध्यापकाचा प्रश्न किती चांगला होता, हे कळण्यासाठी ते आहेत.

खेळ रचण्याचा पाठ याच्याही पुढचा. सहा शंकू, दोन रिंगा, एक दोरी, एक मऊ चेंडू, दहा बाय दहा मीटर जागा आणि सहा जणांचा गट. पंधरा मिनिटांत खेळ तयार. नियम पाचांपेक्षा जास्त नाहीत. त्यांत गुण कसा मिळतो, सीमा कोणती, गुणानंतर खेळ पुन्हा कसा सुरू होतो आणि इजा टाळणारा एक नियम असायलाच हवा. मग दुसऱ्या गटाला तो शिकवायचा, पाच मिनिटं खेळवायचा आणि एक दुरुस्ती करायची. खरी बुद्धी लागते ती या दुरुस्तीला, म्हणून तिच्यासाठी वेळ राखून ठेवा. बहुतेक गट ‘बाद झाला की बाहेर’ असाच खेळ काढतात. ते अडवायला आधीच सांगा : बाद झालेला तीस सेकंदांत परत आला पाहिजे.

नियमांना हात लावणं म्हणजे खेळाचा अपमान, असं काही ज्येष्ठ मंडळी म्हणतील. खो-खोचे नियम मुळात पुण्यात, डेक्कन जिमखान्यात, माणसांनी बसूनच बांधले. २०२२ साली सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगनं मैदानावरचा संघ नवाऐवजी सातांचा केला आणि कोणत्याही दिशेला धावू शकणारा ‘वजीर’ आणला. एवढं चालत असेल, तर सातवीच्या वर्गाला एक नियम बदलून पाहायला काय हरकत आहे?

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या सर्वच शाखांत क्रीडा आणि आरोग्य हा सहअभ्यासक्रम आला आहे, आणि तिथे डॅरिल सिडेनटॉप यांचं क्रीडा-शिक्षण प्रतिमान चपखल बसतं. संपूर्ण हंगाम एकच संघ, ठरलेलं वेळापत्रक, नोंदी, अंतिम सोहळा, आणि प्रत्येकाला खेळाडूपलीकडची एक भूमिका : पंच, गुणलेखक, सराव घेणारा, साहित्यप्रमुख. दोन श्रेयांकांचे प्रात्यक्षिकाचे साठ तास त्याला पुरेसे आहेत. सामने बाद फेरीनं घेऊ नका. अर्धा वर्ग पहिल्याच दिवशी घरी जातो. सहा संघांची साखळी म्हणजे पंधरा सामने, आणि एका वेळी दोन मैदानांवर खेळवले तर दर संघाच्या वाट्याला पंचगिरीही येते. संघनायक विद्यापीठ संघातलाच खेळाडू असेल तर बाकीचे हमाल होतात, एवढं सांभाळा.

सगळीकडे शोध नको, हेही तितक्याच ठामपणे सांगतो. भालाफेक, हातोडाफेक, गोळाफेक, पोहण्याच्या तलावात उतरणं, पुरलेल्या मल्लखांबावरच्या उलट्या उड्या, शर्यतीची सुरुवात : इथे आज्ञाच हवी, आणि ती खणखणीत हवी. मॉस्टन यांनीही पुढे एका शैलीला दुसरीविरुद्ध उभं करणं सोडून दिलं. आमची तक्रार आज्ञेबद्दल नाही. दहा पाठांपैकी दहाही तिच्याच गणवेशात येतात, याबद्दल आहे.

तेव्हा अभ्यास मंडळाकडे मागण्या अशा. दर दहा मैदानी सराव पाठांमागे चार आज्ञा आणि सराव शैलीचे राहोत; तीन परस्पर आणि समावेशक शैलींचे, दोन खेळ-आकलनाचे आणि एक अपसारी निर्मितीचा सक्तीचा असावा. शोधाच्या पाठाच्या टाचणात ‘कृतीचे वर्णन’ या स्तंभाऐवजी तीन स्तंभ छापावेत : मांडलेली समस्या, अपेक्षित उत्तरे, आणि वर्ग अडल्यास विचारायचा दुसरा प्रश्न. हा तिसरा स्तंभ रिकामा असेल तर पर्यवेक्षकानं टाचणावर सहीच करू नये.

निरीक्षण तक्त्यातले पन्नासपैकी पंधरा गुण मुलांच्या बाजूला वळवावेत. पाच गुण निर्णयांचे : दर पाच मिनिटांनी एक खूण, त्या क्षणी काय करायचं ते शिक्षक ठरवतोय की विद्यार्थी, पस्तीस मिनिटांत सात खुणा. पाच गुण प्रश्नांचे : एकाहून अधिक बरोबर उत्तरं असलेले प्रश्न किती, आणि उत्तरासाठी थांबला का. पाच गुण मुलांच्या प्रतिसादातल्या वैविध्याचे. याची पळवाटही लगेच निघेल. छात्राध्यापक आदल्या दिवशी चार मुलांना उत्तरं पढवून ठेवतील. त्यावर उपाय असा की पर्यवेक्षकानं पाठाच्या मध्यावर एक अट बदलावी, एक गडी कमी करावा किंवा सीमा दोन मीटर आत घ्यावी, आणि पुढची पाच मिनिटं पाहावीत. पढवलेला वर्ग तिथे थांबतो.

अंतिम पाठाचं वेगळं सांगायला हवं. बहिःस्थ परीक्षक समोर असताना कोणीही धोका पत्करत नाही, आणि वर्षभर जे काही रुजलं असेल ते त्या दिवशी रांगेत उभं राहतं. टाचणाच्या पहिल्या ओळीत शैली जाहीर करण्याची मुभा द्या, आणि परीक्षकांना लेखी सूचना द्या की जाहीर केलेल्या शैलीच्या निकषांवरच गुण द्यायचे. गोंगाट आणि मोडलेली रांग हे अपसारी पाठात आपोआप दोष धरायचे नाहीत. इजेचा धोका दिसला तर गुण जरूर कापावेत.

येत्या सत्रात हे सगळीकडे लागू करा असं आम्ही म्हणत नाही. दोन महाविद्यालयं निवडा. त्यांच्या प्रत्येक सराव पाठाला दोन पर्यवेक्षक बसवा. एकानं जुना तक्ता भरावा, दुसऱ्यानं नवा, आणि सत्र संपेपर्यंत एकमेकांचे गुण पाहू नयेत. जुन्या तक्त्यात वरच्या पाचांत आलेले छात्राध्यापक नव्यात कुठे आहेत, ती यादी मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेला जोडावी, ही विनंती.

कळावे.

आपले,
शारीरिक शिक्षण महाविद्यालयांत अध्यापन पद्धती शिकवणारे काही प्राध्यापक